हप्ते थांबवायला कोणी सांगितलं

दि. ९ जानेवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल.

इकडे ठीक आहे. आईंची पाठ कोरडी आहे, जखम पुन्हा उघडली नाही. हवेच्या गादीचा पंप दिवसभर घुरघुरत असतो. आई म्हणतात, शेजारी जावईबापू झोपलेत असं वाटतं. हे त्यांना सांगू नका, किंवा सांगा, माझं काय जातंय. तुमचे बंधुराज मनगटाचा व्यायाम करतात, म्हणजे मी बघत असले की करतात. करवतीने हात कापला त्याला पाच महिने होत आले. आता पेला धरता येतो, रंधा नाही. सुतारकामाचं दुकान अजून त्यांची जागा धरून आहे, पण किती दिवस धरणार, ते दुकानदारालाच ठाऊक.

पत्र लिहायचं कारण म्हणजे हे फोनवर बोलता येत नाही. दोन खोल्यांचं घर, आईंची खाट मधल्या दाराशी, इथे भांडं ठेवलं तरी त्या विचारतात काय पडलं. शिवाय फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

तर तुमचं म्हणणं मी ऐकलं. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी तुम्ही आईंच्या गोळ्या डब्यात भरता भरता म्हणालात, "अगं, तू दर महिन्याला थोडं थोडं भरतेस, तिथेच अडकली आहेस. काहीतरी भरलं की वीज कंपनी नोटीस काढत नाही, आणि लाल काठाची नोटीस आल्याशिवाय आमची संस्था बिलाला हात लावत नाही. थांबव हप्ते. नोटीस आली की अर्ज कर. सगळी थकबाकी संस्था परस्पर कंपनीला भरेल आणि तू मोकळी होशील." आई डोळे मिटून पडल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर त्यांनी त्या रात्रीपासून जेवणच सोडलं असतं.

तुम्ही संस्थेच्या कामात रोज अशीच अडलेली घरं बघता, तुम्हाला कळणार नाही तर कोणाला? नोव्हेंबर, डिसेंबर, दोन्ही महिने मी कंपनीच्या खिडकीवर गेले नाही. खरं सांगते, त्या रस्त्याने जायचंसुद्धा टाळलं. खिडकीवरचा माणूस मला ओळखतो, आणि पैसे बुडवणारी म्हणून ओळखावं असं मला कधीच वाटलं नाही. वाचलेले पैसे आईंच्या मलमपट्टीला आणि घरभाड्याला गेले, मी काही दागिने घडवले नाहीत.

सोमवारी नोटीस आली. पंधरा दिवसांची मुदत. वीज तोडणार म्हणून आनंद झालेली बाई या जगात मी पहिलीच असेन. हे म्हणाले, तुला वेड लागलंय. मी म्हटलं, वेड नाही, ताई लागल्यात.

बुधवारी तुमच्या संस्थेतून पाहणीवाल्या बाई आल्या. स्वभावाने गोड आहेत. सहा पानी अर्ज भरून घेतला. दिवे मोजले, गादीचा पंप बघितला, माझ्या इस्त्रीखाली लॉजच्या चादरींचा ढीग होता तोही बघितला. मग म्हणाल्या, "तुम्ही दर महिन्याला काही ना काही भरत होता, आणि मग एकदम दोन महिने काहीच नाही. हप्ते थांबवायला कोणी सांगितलं का?"

मी म्हटलं, "कोणी नाही. माझंच डोकं."

त्यांनी तसं लिहून घेतलं. माझं नाव मध्ये आणू नकोस म्हणाला होतात, ते लक्षात होतं. ताकास तूर लागू दिली नाही, शाबासकी द्या. आता तुमची मंडळी पैसे कधी भरतात तेवढं कळवा. आणि रविवारी याच, आई वाट बघतात.

तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणता)
भावजय


दि. २ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार.

गेले तीन रविवार तुम्ही आला नाहीत. आईंना मी सांगितलं की तुमच्याकडे काम फार आहे. गोळ्यांच्या डब्यावर आता माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. आईंना त्या वाचता येत नाहीत, म्हणतात, माझ्या पोरीचं अक्षर कसं मोकळं असायचं.

२४ तारखेला वीज तोडली. आलेला माणूस सभ्य होता, त्याने स्टूल मागितलं, आणि आमच्याच स्टुलावर चढून आमचीच वीज कापून गेला. जाताना स्टूल जागेवर ठेवलं. अर्ध्या तासात गादीतली हवा गेली आणि आई खाटेच्या फळीवर आल्या. आता दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. मी डोक्याकडे, हे पायांकडे. एका हाताने जेवढं उचलता येतं तेवढं हे उचलतात. लॉजवाल्याने चार दिवस थांबून काम दुसरीकडे दिलं. त्याला दोष देत नाही, त्याला चादरी वेळेवर हव्यात.

संस्थेचं नकाराचं पत्र त्याआधीच आलं होतं. दोनच ओळी. "अर्जदाराने क्षमता असूनही हेतुपुरस्सर हप्ते थांबवल्याचे निदर्शनास आल्यामुळे मदत नाकारण्यात येत आहे." मला वाटलं, कुठेतरी घोळ झालाय, ताई बघतील. तुम्हाला फोन केला तर तुमचे यजमान म्हणाले, आंघोळीला गेल्यात. संध्याकाळी केला, बाजारात गेल्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी केला, पुन्हा आंघोळ. इतकी स्वच्छता चांगली, पण भिजून सर्दी होईल.

पत्राखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की अर्जदाराला आपला कागद कार्यालयात येऊन वाचता येतो. म्हणून शुक्रवारी दोन बस बदलून तुमच्या कार्यालयात आले. तुम्हाला ठाऊक आहेच, कारण तुम्ही आत होतात. काचेच्या दारातून तुमचं टेबल दिसत होतं, टेबलावर तुमचा चष्मा होता. चष्म्याशिवाय तुम्ही जिना उतरत नाही, मला माहीत आहे, दर रविवारी मीच हात धरून उतरवते.

समोरच्या मुलीने फाइल दिली आणि एका बाकावर बसवलं. मी पहिल्या पानापासून वाचलं. आमच्या घरातले दिवे, भांडी, खाट, सगळं मांडून ठेवलेलं. दुसऱ्याच्या घरचं वाचावं तसं वाचत गेले. शेवटी एक कागद टाचलेला होता, नातेसंबंधाचं पत्रक. संस्थेतल्या कोणाच्या नातलगाने अर्ज केला, की त्या माणसाने फाइलला हात लावायचा नाही, फक्त त्या घराबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते लिहून द्यायचं. नियम चांगला आहे. त्यावर वरपासून खालपर्यंत ते मोकळं अक्षर.

तुम्ही लिहिलंय, "सदर कुटुंबात इस्त्रीकामाचे नियमित उत्पन्न होते व अंशतः हप्ते भरणे शक्य होते. नोटीस मिळावी या हेतूने हप्ते जाणूनबुजून थांबवण्यात आले, हे मला प्रत्यक्ष माहीत आहे."

ताई, यातलं एक अक्षर खोटं नाही. मी तीनदा वाचलं, खोटं सापडावं म्हणून. उत्पन्न होतं. हप्ते जाणूनबुजूनच थांबवले. तुम्हाला प्रत्यक्ष माहीत होतंच, सांगितलं कोणी? तेवढंच तुम्ही लिहिलं नाहीत. आणि त्याच्याच मागे माझं उत्तर टाचलेलं, "कोणी सांगितले नाही, स्वतःचा निर्णय." तुमचा कागद आणि माझा कागद, एकाच टाचणीत. तुम्हाला सांभाळायला मी जे खोटं बोलले, त्यानेच माझं तोंड बंद झालं. आता मी काही म्हटलं तरी लोक म्हणणार, तेव्हा का बोलली नाहीस.

ती समोरची मुलगी बडबडी आहे. फाइल तिने पावतीचा नंबर बघून काढली होती, मी तुमची कोण हे तिला माहीत नव्हतं. फाइल परत घेताना म्हणाली, "इथे नियम म्हणजे नियम असतो. आमच्या ताईंचं बैठकीत सगळ्यांनी कौतुक केलं. सख्ख्या भावाचीही गय केली नाही. आता त्या पडताळणीच्या प्रमुख झाल्यात." मी म्हटलं, "माझ्याकडून अभिनंदन सांगा." ती म्हणाली, "नाव काय सांगू?" मी म्हटलं, त्यांना कळेल.

बसमध्ये मला रडू आलं नाही, राग आला. घरी येऊन चहाचं पातेलं घासताना रडू आलं, तेही भांड्यांच्या आवाजात, कारण आई ऐकतात. तुम्ही माझा केसाने गळा कापलात. परक्याने कापला असता तर मी चार लोकांत सांगून मोकळी झाले असते. पण मी सांगू कोणाला? यांना अजून सांगितलं नाही. हे रोज विचारतात, "ताई तिथे असताना असं कसं झालं?" आणि मी म्हणते, नियम असतात बाबा. यांची शाळेची फी तुम्ही शिकवण्या घेऊन भरलीत, हे यांनी मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. तुमच्याबद्दल यांच्या मनात जे आहे ते मोडायचं काम माझ्याकडे आलंय, आणि ते मला नको आहे.

मी तुमच्या बाजूनेही विचार करून बघितला. असेलही, कोणीतरी विचारलं असेल, ताई, तुमच्या भावाचा अर्ज आलाय, तुम्हीच शिकवून पाठवला नाही ना? तुम्ही घाबरला असाल. इतक्या वर्षांची नोकरी. पण मग निदान गप्प बसायचं होतं. पत्रक कोरं ठेवून "माहिती नाही" लिहिता आलं असतं, तशी सोय त्या पत्रकावरच छापलेली होती. तुम्ही गप्प बसला नाहीत, तुम्ही मला विकून जागा घेतलीत. आणि फळीवर कोण पडलंय? माझी आई नाही, तुमची.

फेरतपासणीसाठी एकदा अर्ज करता येतो, तो मी केलाय. १२ तारखेला पाहणीवाल्या बाई आणि तुमच्या अध्यक्षबाई दोघी घरी येणार आहेत. तोच प्रश्न पुन्हा विचारतील, आणि या वेळी मी खरं सांगणार आहे. तुम्हाला आधी कळवते, कारण मला कोणी आधी कळवलं नव्हतं तेव्हा कसं वाटलं ते मला माहीत आहे. १२ तारखेच्या आत तुम्ही आपणहून जाऊन सांगितलंत तर तुमच्यावर कमी येईल आणि आमची वीजही येईल. मी वाट बघते.

भावजय


दि. १९ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार.

वीज आली. शनिवारी सकाळी तोच माणूस आला, त्याने तेच स्टूल मागितलं. थकबाकी संस्थेने कंपनीला परस्पर भरली. पंप पुन्हा घुरघुरतोय. पण आईंची पाठ उघडली आहे. माकडहाडाशी जखम आहे, रुपयाएवढी. दिवसाआड परिचारिका येऊन पट्टी बदलते, म्हणते, भरायला दोन-तीन महिने लागतील. लॉजचं काम परत मिळालं नाही. शेजारच्या शिंपीणबाई थोडे कपडे देतात, तेवढ्यावर इस्त्री तापते.

तुमच्याकडून काहीच आलं नाही. मी रोज अकराला दाराशी जाऊन उभी राहायचे. टपालवाला चौथ्या दिवशी लांबूनच मान हलवायला लागला. ११ तारखेला संध्याकाळी मी ठरवून टाकलं, आता माझ्यावर बोट ठेवायला जागा नाही. काय बोलायचं ते पाठ केलं. भांडी घासताना, आईंचे केस विंचरताना, तेच. चार वाक्यं होती.

१२ ला दोघी आल्या. अध्यक्षबाई उंच आहेत, दारात वाकून आल्या. बोलायला तुटक, पण त्यांनी आधी आईंची पाठ बघितली, मग कागद काढले. हे स्टुलावर बसले होते, कोपऱ्यात. मी आईंच्या उशाशी. पाहणीवाल्या बाईंनी जुना अर्ज काढून वाचला आणि अध्यक्षबाई म्हणाल्या, "पुन्हा विचारते. नीट विचार करून सांगा. हप्ते थांबवायला कोणी सांगितलं?"

ताई, माझी चारही वाक्यं तोंडात होती. तुमची दया आली असं समजू नका. दया येण्याच्या पलीकडे मी गेले होते, आणि अजून तिथेच आहे. पण माझा हात आईंच्या कपाळावर होता. त्यांच्या उशाशी बसून त्यांच्या मुलीचं नाव घ्यायला जीभ उचलेना. हेही समोर होते. मी म्हटलं, "कोणी नाही. माझंच डोकं."

पाहणीवाल्या बाईंनी पेन ठेवलं. झालं, असंच त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेव्हा आई बोलल्या. इतक्या दिवसांत त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं. "ती खोटं बोलते. पहिल्यांदा बोलली तेव्हाही खोटंच बोलली. माझ्या मुलीने सांगितलं, इथे बसून, माझ्या गोळ्या भरता भरता. मी झोपले नव्हते. मी झोपलेली असले की लोक खरं बोलतात, म्हणून डोळे मिटते."

अध्यक्षबाईंनी खुर्ची खाटेजवळ ओढली. म्हणाल्या, "आजी, तुमची मुलगी आमच्याकडे कामाला आहे ना? हे मी लिहून घेतलं तर तिची चौकशी होईल. जागा जाऊ शकते. कळतंय ना तुम्हाला?"

आईंनी विचारलं, "वीज किती दिवसांत येईल?"

"दोन दिवसांत."

"मग लिहा."

हे उठून बाहेर गेले. तासाभराने आले, हात धुतले, आईंची कूस बदलायची वेळ झाली होती ती बदलली. तेव्हापासून त्यांनी तुमचं नाव काढलेलं नाही. मीही काढलं नाही. एकदा जेवताना एवढंच म्हणाले, "तू मला आधी सांगायला हवं होतंस." बाकी सगळ्यांत माझं काय चुकलं ते मला सांगता येईल, पण याचं खरंच नाही सांगता येत.

त्या दोघी गेल्यावर आई मला म्हणाल्या, "मला भिंतीकडे वळव." मी वळवलं. खांदे हलत होते. मी पाठीवरून हात फिरवणार होते, पण पाठीला हात लावायची सोय नाही, म्हणून पायाशी बसले. तशाच भिंतीकडे बघत म्हणाल्या, "लहान असताना ती काही मोडून ठेवायची आणि मी तिच्या बाबांना सांगायचे, माझ्या हातून मोडलं. एकदाही उघडी पाडली नाही तिला." मग म्हणाल्या, पाणी दे.

मला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की मला बरं वाटेल. वाटलं नाही. वीज आली त्या दिवशी पहिला दिवा लावला आणि आईंनी डोळ्यांवर हात घेतला. तुम्ही मला फसवलंत ते मी एक वेळ गिळलं असतं, असं परवापर्यंत वाटत होतं. पण जे माझ्यावर ढकललंत ते शेवटी त्यांना उचलावं लागलं, त्या फळीवर पडून. हे मला गिळता येणार नाही, आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही. रविवारी यायचं असेल तर या, दार तुमच्या आईचं आहे. मी चहा करीन. माझ्याशी बोलायला येऊ नका.

मी विचारलं, ताईंना पत्र लिहितेय, काय लिहू? आई म्हणाल्या, "लिही की मी सांगितलं. सुनेने नाही सांगितलं, मी सांगितलं." म्हणून हे लिहिलंय, नाहीतर मी लिहिणार नव्हते.

आणखी एक. चौकशीत तुम्हाला आईंच्या जबाबाचा तो कागद दाखवतील. अध्यक्षबाई म्हणत होत्या की अंगठा चालेल, पण आईंनी पेन मागितलं. दोन वर्षांत त्यांनी पेन हातात धरलं नव्हतं. मी पाठीमागे उशा लावल्या, यांची सुताराची फळी मांडीवर दिली. पहिल्या अक्षराला थांबल्या, मग सुरू केलं. ओळ खाली उतरत गेली, शेवटचं अक्षर कागद सोडून चादरीवर गेलं. पाहणीवाल्या बाई म्हणाल्या, राहू द्या आजी, एवढं पुरे. पण आईंनी कागद सरकवून घेतला आणि ते अक्षर पुन्हा काढलं.

तुम्हाला ती सही ओळखू येणार नाही. ती आईंचीच आहे. मी त्यांचा हात धरला नव्हता.

आईंची सून